दोर, चक्र आणि पाच हजार चाळीस

इंग्लंडचा मुलूख पूर्वापार पॅरिश नावाच्या लहान लहान धर्ममहालांत वाटला गेलेला आहे. प्रत्येक पॅरिशचे एक चर्च, त्या चर्चच्या दफ्तरात तेथील रहिवाशांच्या बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या आणि दफनाच्या नोंदी, चर्चला लागून एक दगडी मनोरा आणि पुष्कळ मनोऱ्यांत पाच, सहा, आठ, क्वचित दहा किंवा बारा घंटा, अशी ही व्यवस्था कित्येक शतके चालत आलेली आहे. या घंटा वाजविणारी मंडळी सामान्यतः चर्चचे पगारी नोकर नसतात. कोणी सुतार, कोणी शाळामास्तर, कोणी बँकेतला कारकून, कोणी विद्यापीठात गणित शिकणारी मुलगी. आठवड्यातील एका ठरलेल्या संध्याकाळी तालमीसाठी आणि रविवारी उपासनेच्या आधी ही माणसे मनोऱ्यात जमतात, दोर ओढतात आणि आपापल्या उद्योगाला लागतात. परंतु केवळ आपल्या मनोऱ्यावर त्यांचे समाधान होत नाही. सुटीच्या दिवशी गट करून ती परगावी निघतात, तेथील चर्चची परवानगी आगाऊ मिळवितात, अर्धापाऊण तास तेथील घंटा वाजवितात आणि पुढच्या गावची वाट धरतात; अशी चार-सहा चर्चे एका दिवसात होतात. तालमीच्या संध्याकाळी एखादा अनोळखी माणूस जिना चढून वर आला आणि आपण घंटावादक आहोत असे म्हणाला, तर त्याचा पंथ, हुद्दा, किंबहुना ईश्वरावर त्याची श्रद्धा आहे की नाही हेही कोणी विचारीत नाही. विचारतात ते एवढेच, की आपल्याला काय काय वाजविता येते. या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रामाणिकपणे द्यावे लागते, कारण दोर हाती आल्यावर पहिल्या मिनिटातच सगळे उघड होते.

अशा भेटीसाठी एकच ऐतिहासिक चर्च निवडावयाचे झाले, तर मी निःशंकपणे नॉरिच शहरातील सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट हे निवडीन. पूर्व इंग्लंडातील नॉरिच हे मध्ययुगात लोकरीच्या कापडाच्या व्यापारावर गबर झालेले शहर. १४३० ते १४५५ या पंचवीस वर्षांत बांधून पूर्ण झालेले हे चर्च इतके भव्य आहे, की परक्या माणसाला ते बिशपचे मुख्य मंदिरच वाटावे. वस्तुतः ते एका पॅरिशचे चर्च आहे. त्याच्या पायथ्याशी शहराची बाजारपेठ भरते आणि भाजीवाल्यांच्या पालांवरून मान वर केली की पश्चिमेचा प्रचंड मनोरा दिसतो. आत लाकडी छताचे काम पाहून डोळे निवतात, पूर्वेच्या खिडकीत मध्ययुगीन रंगीत काचा आहेत, आणि सर टॉमस ब्राउन हा वैद्यकाचा व्यवसाय करणारा आणि इंग्रजी गद्याला विलक्षण गांभीर्य देणारा लेखक १६८२ साली येथेच पुरला गेला. पण घंटावादक हे सारे पाहून लवकरच मनोऱ्याच्या जिन्याकडे वळतो. त्याच्या दृष्टीने या वास्तूचे माहात्म्य निराळ्याच कारणासाठी आहे. १७१५ सालच्या मे महिन्याच्या २ तारखेला या मनोऱ्यात सात घंटांच्या क्रमांचे पाच हजार चाळीस फेरफार, एकही क्रम दुसऱ्यांदा येऊ न देता, अखंड वाजविले गेले. त्याला तीन तास अठरा मिनिटे लागली. घंटावादनाच्या इतिहासात या जातीचे पहिले निर्दोष संपूर्ण वादन म्हणून याची गणना होते. त्याची नोंद करणारा फलक मनोऱ्यात आहे, आणि जगभरचे वादक त्या फलकापुढे जे उभे राहतात ते एखाद्या आद्य शिलालेखापुढे उभे राहावे तशा भावनेने.

हे फेरफार म्हणजे नेमके काय, हे कळण्यासाठी आधी घंटा कशी टांगलेली आहे ते पाहिले पाहिजे. या कलेचे सारे रहस्य त्या टांगण्यात आहे.

आपल्या देवळातील घंटा स्थिर असते. ती तुळईला किंवा कमानीला टांगलेली असते, भाविक लोळ्याला धरून तो घंटेच्या अंगावर आपटतो आणि नाद उमटतो. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीज चर्चांमधल्या कितीतरी घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि पुढे देवळांना अर्पण झाल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळावर, वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर, भीमाशंकरी अशा घंटा आजही पाहावयास सापडतात. युरोपात चर्चची घंटा सामान्यतः झुलवून वाजवितात; आपल्याकडे आल्यावर या घंटा आपल्या रिवाजाप्रमाणे स्थिर झाल्या. इंग्लंडात मात्र सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत याच्या अगदी उलट दिशेने एक सुधारणा घडून आली होती. घंटेच्या माथ्यावरील तुळईला एका बाजूस पुरे लाकडी चक्र बसविले गेले, त्या चक्राच्या धावेवरून दोर खाली सोडला गेला आणि घंटा केवळ झुलण्याऐवजी संपूर्ण वर्तुळ फिरू लागली.

हे फिरणे बारकाईने पाहण्यासारखे आहे. वादन सुरू करण्यापूर्वी प्रत्येक घंटा झोपाळ्याला हळूहळू झोके देत उंच न्यावे तशी अधिकाधिक वर नेतात, आणि अखेर ती तोंड आकाशाकडे करून, समतोलाच्या बिंदूच्या किंचित पलीकडे, एका लाकडी अडसराला टेकून उभी राहते. आता खालच्या खोलीत वादक दोर ओढतो. घंटा समतोलावरून ढळते, खाली येते, वर्तुळ पुरे करून पुन्हा तोंड वर करून उभी राहते आणि वर पोहोचता पोहोचता लोळ्याचा एकच टोल देते. पुढच्या ओढीला ती उलट दिशेने फिरून पुन्हा एक टोल देते. दोरावर मनुष्याच्या छातीच्या उंचीला लोकरीची जाड, रंगीत पट्ट्यांची मूठ विणलेली असते. पहिली ओढ या मुठीवर घ्यावयाची आणि मूठ तत्काळ सोडावयाची. ती सरसर छताकडे जाते, वादकाच्या हाती दोराचे शेपूट तेवढे राहते आणि दोन्ही हात डोक्यावर ताणले जातात. दुसरी ओढ त्या शेपटावर द्यावयाची आणि खाली येणारी मूठ पुन्हा अलगद पकडावयाची. नवशिक्याच्या हातून होणारी घातक चूक म्हणजे मूठ सोडावयाच्या क्षणी न सोडणे. पाच-सातशे किलोंचे कांसे वर फिरत असताना त्याच्याशी ओढाताण करून कोणाचेच चालत नाही. तो दोराबरोबर वर ओढला जातो. म्हणून पहिले कित्येक तास शिक्षक शिष्याच्या पुढ्यात उभा राहून त्याच्याबरोबरच दोर धरतो. एवढे शिकल्यानंतर मात्र शक्तीचे प्रयोजन फारसे उरत नाही. मॅनक्रॉफ्टच्या बारा घंटांपैकी सर्वांत मोठीचे वजन एकोणीसशे किलोंच्या आसपास आहे. १७७५ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील पॅक आणि चॅपमन यांच्या ओतशाळेत या बारा घंटांचा संच ओतला गेला. असली घंटाही, ती जेथे समतोल धरते तो बिंदू ज्याला हाताने कळला, तो मनुष्य शांतपणे तासन् तास फिरवू शकतो. ज्याला तो कळला नाही, तो पहिलवान असला तरी दहा मिनिटांत थकतो.

पाहुण्याला या बाबतीत विशेष जपावे लागते, कारण प्रत्येक मनोऱ्याचा स्वभाव वेगळा असतो. घंटा खाली येताना आपल्या वजनाच्या चौपटीपर्यंत भार चौकटीवर टाकते, आडवा हिसका देते, आणि उंच मनोरे त्या हिसक्यांनी प्रत्यक्ष डोलतात. दगडी भिंतीला पाठ लावून उभे राहिले तर ते जाणवते. कोठे दोर लांब आणि छत उंच, त्यामुळे दोर हातात सापासारखा वळवळतो. कोठे एखादी घंटा चौकटीत जरा तिरकस बसल्यामुळे एका ओढीला वेळेवर आणि दुसऱ्या ओढीला किंचित उशिरा बोलते. यजमान वादकांचा नायक या खोडी पाहुण्यांना आधीच सांगून ठेवतो. घंटा कोणालाही दिसत नाहीत. त्या वर, जाड तक्तपोशीच्या पलीकडे असतात. खाली दिसतात ते वर्तुळात लोंबणारे दोर आणि समोरच्या माणसांचे हात. मग सर्वांत हलक्या, म्हणून सर्वांत उंच स्वराच्या, पहिल्या घंटेचा वादक सर्वांकडे एकदा पाहून म्हणतो, "लुक टू!", म्हणजे सावध व्हा, दोर ताणून घंटा समतोलावर आणतो आणि ती निघाल्याची वर्दी देतो. तिच्यामागोमाग दुसरी, तिसरी, अशा उतरत्या स्वरांनी सर्व घंटा आपापला एक टोल देतात आणि अखेरीस सर्वांत जड घंटा बोलते. हा सरळ क्रम काही वेळ फिरत राहतो. येथपर्यंत तो एक मंगल, परंतु साधा नाद आहे. नायक खूण देतो आणि क्रम बदलू लागतो.

क्रम कसा बदलू शकतो, याचे उत्तर घंटेच्या जडत्वाने देऊन ठेवलेले आहे. तोंड वर करून उभी राहू पाहणारी घंटा समतोलाजवळ क्षणभर रोखून धरता येते, किंवा पुरती वर जाण्यापूर्वीच थोडी लवकर परतविता येते. म्हणजे एका टोलाने मागे किंवा एका टोलाने पुढे एवढीच मुभा तिला आहे. त्याहून मोठी उडी तिला मारता येत नाही. म्हणून एका ओळीत जी घंटा तिसरी वाजली ती पुढच्या ओळीत दुसरी, तिसरी किंवा चौथी वाजू शकेल, पण पहिली किंवा पाचवी नाही. सूर वाजविणे तिला या कारणाने अशक्य झाले. एखादे भजन वाजवावयाचे तर कोणता स्वर केव्हा यावा याचे पूर्ण स्वातंत्र्य हवे, आणि दीड-दोन टनांच्या कांशाला ते स्वातंत्र्य नाही. शेजाऱ्याशी जागा बदलणे एवढीच एक गोष्ट करू शकणाऱ्या वाद्यावर संगीत कसे रचावे, असा प्रश्न सतराव्या शतकातील इंग्रज वादकांपुढे पडला आणि त्याचे उत्तर त्यांनी अंकगणितात शोधले. माझ्या मते या कलेची थोरवी येथे आहे. धातूच्या अडेलपणापुढे हात टेकण्याऐवजी त्या अडेलपणालाच त्यांनी व्याकरणाचा पहिला नियम केले.

क्रमांच्या गणिताचा हाच विषय आपल्याकडे या आधी कित्येक शतके मांडला गेला होता, आणि तोही महाराष्ट्रात. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतीत अंकपाश नावाचे प्रकरण आहे. दिलेल्या अंकांच्या किती वेगवेगळ्या मांडण्या होतात याचा तेथे विचार आहे. परंतु त्याहूनही जवळचे नाते शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकराशी लागते. हा ग्रंथ तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीला, यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने लिहिला गेला. शार्ङ्गदेव त्या दरबारात श्रीकरणाधिप होता, म्हणजे राज्याचे हिशेबी दफ्तर त्याच्या हाताखाली होते. आणि स्वरांचा हिशेबही त्याने त्याच काटेकोरपणाने मांडला. सात स्वर प्रत्येकी एकदाच घेऊन जे वेगवेगळे क्रम होतात त्यांची संख्या त्याने पाच हजार चाळीस अशी दिली आहे. नॉरिचच्या फलकावरचा आकडा तो हाच. एवढ्या क्रमांतील अमुक क्रमांकाची तान कोणती, किंवा दिलेल्या तानेचा क्रमांक कोणता, हे सगळी यादी न लिहिता काढण्यासाठी खंडमेरू नावाचे कोष्टकही त्याने सांगितले आहे. मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याच्या गायकीत मेरुखंडाचे जे स्थान आहे, आणि उस्ताद अमीर खाँ यांच्या आलापीत ज्याचा विस्तार रसिकांनी ऐकला, त्याचे मूळ या विचारात आहे.

पण देवगिरी आणि नॉरिच यांत एक मूलगामी फरक आहे, आणि तो तीन स्वरांवरच नीट दाखविता येतो. सा, रे, ग यांचे सहा क्रम आपल्या प्रस्ताराच्या पद्धतीने लिहिले तर असे येतात: सरेग, रेसग, सगरे, गसरे, रेगस, गरेस. यादी निर्दोष आहे. एकही क्रम सुटलेला नाही, एकही दोनदा आलेला नाही. तथापि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना रेसग चे सगरे होते; रे पहिल्या स्थानावरून एकदम तिसऱ्यावर जातो. गळ्याला यात कसलीच अडचण नाही. घंटेला मात्र हे अशक्य आहे. घंटावादकाला तेच सहा क्रम निराळ्या अनुक्रमाने लावावे लागतात: सरेग, रेसग, रेगस, गरेस, गसरे, सगरे, आणि मग पुन्हा सरेग. येथे प्रत्येक पायरीला दोन शेजारी तेवढे जागा बदलतात. कोणाही एका स्वराचा मार्ग बोटाने जुळवीत गेले तर तो पहिल्या जागेवरून एक एक पाऊल मागे सरकत शेवटी जातो, तेथे दोन टोल थांबतो आणि तसाच एक एक पाऊल पुढे परततो, असे दिसेल. शार्ङ्गदेवापुढे प्रश्न सर्व क्रमांच्या गणनेचा होता. नॉरिचच्या वादकांपुढे प्रश्न होता तो सर्व क्रमांतून एकदाही मागे न वळता, एकही न गाळता, पावलापावलाने प्रवास करण्याचा.

तीन घंटांचे सहा क्रम होतात, चारांचे चोवीस, पाचांचे एकशे वीस, सहांचे सातशे वीस, सातांचे पाच हजार चाळीस आणि आठांचे चाळीस हजार तीनशे वीस. सहा घंटांचे सर्व क्रम अर्ध्या तासाच्या आत वाजून होतात, सातांना तीन तास लागतात. आठांचे सर्व क्रम आठ वादकांनी १९६३ च्या जुलैमध्ये लफबरो येथील घंटांच्या ओतशाळेत वाजविले. दोर एकदाही दुसऱ्याच्या हाती न देता त्यांना सतरा तास अठ्ठावन्न मिनिटे लागली. बारा घंटांचे सर्व क्रम सत्तेचाळीस कोटींहून अधिक आहेत आणि ते वाजविण्यास रात्रंदिवस तीस वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणून आठ किंवा अधिक घंटांवर पाच हजार किंवा त्याहून अधिक फेरफार झाले की ते संपूर्ण वादन मानावे असा संकेत आहे.

या साऱ्याची पद्धतशीर मांडणी प्रथम फेबियन स्टेडमन या मुद्रकाच्या हातून झाली. रिचर्ड डकवर्थचे टिन्टिनालोजिया हे पुस्तक १६६८ साली स्टेडमनने प्रसिद्ध केले आणि १६७७ साली कॅम्पनालोजिया हा स्वतःचा ग्रंथ काढला. क्रमसंचयांच्या ज्या गुणधर्मांचा युरोपातील गणितज्ञांनी पुढच्या शतकांत शास्त्रीय विचार केला, त्यांतले काही या मुद्रकाच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या हातांना आणि कानांना आधीच परिचित झाले होते. आठ घंटा नुसत्या एकमेकींना ओलांडीत राहिल्या तर सोळा ओळींनंतर मूळ क्रम परत येतो. म्हणून पहिली घंटा अग्रस्थानी येते त्या क्षणी दुसऱ्या स्थानावरील घंटेने तेथेच थांबावे आणि तिच्या मागच्या जोड्यांनी एक पाऊल उलटे घ्यावे, असा नियम घातला की नवी नवी दालने उघडू लागतात. तीही संपत आली की नायक ओरडतो, "बॉब!", आणि त्या एका शब्दाने तीन घंटांच्या वाटा बदलतात. या हाका कोणत्या ओळींवर द्याव्यात हे ठरविणे म्हणजेच रचना करणे. ग्रँडसायर ट्रिपल्स या सात घंटांच्या प्रसिद्ध पद्धतीत केवळ बॉबच्या हाकांनी पाच हजार चाळीसही क्रम मिळवावेत म्हणून वादकांनी पिढ्यान् पिढ्या खटपट केली. अखेर १८८६ साली डब्ल्यू. एच. टॉम्सन याने ते अशक्य असल्याचे सिद्ध केले आणि तो वाद मिटला.

आता मनोऱ्यातील माणसांकडे पुन्हा पाहावे. त्यांच्यापुढे कागद नसतो. संपूर्ण वादनात कागद ठेवणे निषिद्ध आहे. प्रत्येकाने पद्धतीची वळणारी रेषा पाठ केलेली असते, परंतु पाठांतरही पुरे पडत नाही. माझ्या आधी कोण वाजणार हे प्रत्येक ओळीत बदलते. ते समोरच्या वर्तुळातल्या कोणत्या हाताच्या मागोमाग आपला हात खाली आला पाहिजे यावरून डोळ्यांनी हेरावे लागते, दोन टोलांमधले अंतर समान पडले की नाही हे कानांनी तपासावे लागते, आणि हे सर्व सव्वादोन-अडीच सेकंदांत. सात घंटांच्या रचनेत बहुधा आठवी, सर्वांत जड घंटा प्रत्येक ओळीच्या शेवटी अढळपणे वाजत राहते आणि फिरणाऱ्या सातांना जणू जमीन देते. तीन तास हे अवधान टिकवावयाचे, मध्ये थांबावयाचे नाही, पाणी प्यावयाचे नाही. खाली बाजारात हिंडणाऱ्या लोकांना यातले काही उमगत नाही. त्यांना घंटा वाजताहेत एवढेच कळते. आणि तरीही एक क्रम जरी दोनदा वाजला असे पुढे वर्षांनी कोणी कागदावर पडताळून दाखविले, तरी ते वादन खोटे ठरते आणि नोंदीतून काढून टाकले जाते. ऐकणाऱ्या हजारांत ज्याची चूक एकालाही कळली नसती, त्या कामाचा इतका कडक हिशेब ठेवणाऱ्या या लोकांविषयी मला नितांत आदर आहे.

ही मंडळी सदैव अशी धर्मनिष्ठ आणि सालस होती असे मात्र समजू नये. लंडनची एन्शंट सोसायटी ऑफ कॉलेज यूथ्स ही १६३७ साली स्थापन झालेली, आजही चालू असलेली संस्था उमरावांच्या आणि प्रतिष्ठितांच्या करमणुकीतून निघाली. अठराव्या शतकात मनोऱ्यांत बिअरची पिंपे आली. कित्येक ठिकाणी वादक घंटा वाजवून उपासना सुरू होताच खाली उतरून सरळ गुत्त्याची वाट धरीत आणि पाद्र्यांशी त्यांचे उभे वैर असे. एकोणिसाव्या शतकात सुधारणेची चळवळ झाली, प्रांतोप्रांती संघ निघाले आणि १८९१ साली त्यांची मध्यवर्ती परिषद स्थापन झाली. स्त्रियांना दोर मिळाला तो या सुधारणेनंतरच. १८९६ साली ॲलिस व्हाइट हिने संपूर्ण वादनात भाग घेतला, असे करणारी ती पहिली स्त्री.

युद्धांचे घाव या कलेवर खोल आहेत. पहिल्या महायुद्धात सुमारे चौदाशे वादक मारले गेले. आजही त्यांच्या स्मरणदिनी लोळ्याच्या एका बाजूला चामड्याची गादी बांधतात, त्यामुळे एक ओळ खणखणीत आणि तीच दुसरी ओळ दुरून आल्यासारखी मंद वाजते. १९४० च्या जूनमध्ये सरकारी हुकूम निघाला, की शत्रूचे सैन्य उतरल्याची इशारत म्हणूनच चर्चच्या घंटा वाजवाव्यात, एरवी नाही. देशभरचे मनोरे मुके झाले. १९४२ च्या नोव्हेंबरात एल अलामीनच्या विजयानिमित्त एका रविवारी घंटांना परवानगी मिळाली, आणि पुढील वर्षी बंदी उठली.

नॉरिचला जाणे प्रत्येकाला शक्य नाही, पण आठ घंटांचा असा संच पुण्यात आहे. गुरुवार पेठेतील, पूर्वीच्या वेताळ पेठेतील, पंचहौद मिशनचे नाव मराठी वाचकाला १८९० सालच्या चहाच्या प्रकरणामुळे ठाऊक असते. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक ज्यांत होते अशा पाहुण्यांपुढे तेथे चहा आला, आणि त्यावरून ग्रामण्य होऊन प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली. त्याच आवारातील पवित्र नाम देवालयाशेजारी, देवालयापासून सुटा, उंच मनोरा उभा आहे. त्यात लफबरोच्या टेलर यांच्या ओतशाळेत ओतलेल्या आठ घंटा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातल्याप्रमाणे पुऱ्या चक्रांवर टांगल्या गेल्या. पेठेतून जाणाऱ्याने तो मनोरा पाहिलेला असतो. त्यात चक्रे आहेत आणि त्या चक्रांवर कोणत्या जातीचे वादन होऊ शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मेरुखंडाचा अभ्यास करणारे गायक आणि अंकपाश शिकविणारे गणिताचे अध्यापक पुण्यात आहेत. त्यांतील कोणी एकदा इंग्लंडातल्या एखाद्या पॅरिशमध्ये तालमीच्या संध्याकाळी जिना चढून जावे, मूठ वेळेवर सोडावयास शिकावे, आणि परत येऊन गुरुवार पेठेतल्या मनोऱ्याची रीतसर परवानगी मागावी, अशी माझी फार इच्छा आहे. घंटा ताब्यात ठेवावयास शिकण्यासाठी दहा-पंधरा तासांची तालीम पुरते. सहा घंटांवर सातशे वीस क्रम वाजविण्यास सहा माणसे पुरतात.